पट्टी उतरलेल्या रेकॉर्डी

आईच्या माळ्यावर माझी दोन खोकी तेरा वर्षं पडून होती. आत १३२ रेकॉर्डी. त्या खराब झाल्यात असं मी इतकी वर्षं धरून चालले होते आणि म्हणूनच तिकडे बघवत नव्हतं, दिवाळीची साफसफाई निघाली की आई दरवर्षी विचारायची, "तुझ्या त्या खोक्यांचं काय करायचं गं?" आणि मी दरवर्षी म्हणायचे राहू दे.

मग २०२४ च्या मे महिन्यात स्टीव्ह अल्बिनी गेला. ६१ वर्षांचा होता. रात्री फोनवर बातमी वाचली आणि झोपच लागेना. ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शिकागोचा माणूस, आधी बिग ब्लॅक आणि नंतर शेलॅक या बँडमध्ये गिटार वाजवायचा आणि पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या रेकॉर्डी करून द्यायचा, किती तरी. स्वतःला प्रोड्यूसर म्हणवून घ्यायचा नाही. कामाचे ठरलेले पैसे एकदा घ्यायचा, पुढे ती रेकॉर्ड लाखांनी खपली तरी विक्रीतला वाटा घ्यायचा नाही. निर्वाणा बँडला त्यानं पत्र लिहिलं होतं त्यात हेच होतं, की प्लंबरला देता तसे मला पैसे द्या, काम केलं, दाम मिळाला, झालं. मला हे वाक्य फार मोठं वाटतं. त्यानं रेकॉर्ड केलेल्या निर्वाणाच्या 'इन युटेरो' अल्बमची कॅसेट मी पुण्यात कॉलेजात असताना घासून घासून ऐकली होती आणि ती रेकॉर्ड कुठे झाली तर मिनेसोटातल्या कॅनन फॉल्स नावाच्या बारक्या गावात, १९९३ च्या फेब्रुवारीत, हे मला कळलं मिनियापोलिसला राहायला गेल्यावर. रोचेस्टरला जाताना हायवे ५२ वर त्या गावाची पाटी लागते. मी नवऱ्याला गाडी बाजूला घ्यायला लावली होती. बघण्यासारखं काही नव्हतं, शेतं आणि बर्फ, पण मी दहा मिनिटं उभी राहिले.

तर त्या रात्री मला शेलॅकची 'अ‍ॅट अ‍ॅक्शन पार्क' ऐकायची होती. फोनवर नाही, माझी, माझ्या खोक्यातली. सकाळी आईकडे गेले, स्टूल लावलं आणि खोकी खाली काढली.

वास आधी सांगते. डांबरगोळ्या, ओला पुठ्ठा आणि जुनं कापड एकत्र केलं की येतो तसा. आईनं प्रेमानं मूठभर डांबरगोळ्या टाकून ठेवल्या होत्या. कव्हरांवर पांढरी बुरशी, रांगोळी सांडल्यासारखी, आतल्या कागदी पाकिटांना पिवळे डाग, काही पाकिटं रेकॉर्डला चिकटलेली. पुण्याचे तेरा पावसाळे. आणि त्याच्या आधी समुद्रातून कंटेनरमधून न्हावाशेवापर्यंतचा प्रवास, त्या उन्हात नऊ रेकॉर्डी वाकल्या होत्या, त्या मला २०११ लाच माहीत होत्या. बाकीच्या दिसायला तशा ठीक होत्या. मग खराब झाल्यात असं मी का म्हणत होते?

कारण २०११ ला परत आल्यावर मी पहिली रेकॉर्ड लावली तेव्हा ती विचित्र वाजली. टर्नटेबल अमेरिकेतलंच, एका गॅरेज सेलमध्ये २० डॉलरला घेतलेलं, बेल्टवालं. ११० व्होल्टचं म्हणून स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आणला होता. दिवा लागला, तबकडी फिरली, आणि गाणारा माणूस म्हशीसारखा हंबरायला लागला. ड्रम चिखलात वाजतायत असं वाटत होतं. दुसरी लावली, तीही तशीच. मला वाटलं बेल्ट सैल पडला, नवा मागवला, फरक नाही. मग वाटलं कंटेनरच्या उष्णतेनं सगळ्याच गेल्या. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, घर लावायचं होतं, मी आठ वर्षांनी परत नोकरी शोधत होते, एक दिवस खोकी टेपनं बंद केली आणि आईकडे नेऊन टाकली. आता लिहितानाही घशाशी येतं. आठ वर्षं जमवलेलं होतं ते.

यावेळी पण तेच. अ‍ॅक्शन पार्क लावली, तेच जड हंबरणं. मी हात लावून बंद करणार तेवढ्यात आतून आई आली. माझी आई चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवते. तिनं आयुष्यात शेलॅक ऐकलेलं नाही. ती दारात उभी राहून दोन मिनिटं ऐकत राहिली आणि म्हणाली, "अगं, हे गाणं असंच आहे का याची पट्टी उतरलीय?"

मी म्हटलं, "तुला कसं कळलं?"

"माणसाचा आवाज असा नसतो."

मग तिनं काय केलं तर कपाटातून स्वतःची एक जुनी एचएमव्हीची नाट्यगीतांची एलपी काढली, लग्नाच्या आधीची, जिच्याबरोबर ती पेटी वाजवायला शिकली. ती म्हणाली ही काळी एकच्या पट्टीतली आहे, मला झोपेतून उठवून विचार. रेकॉर्ड लावली, पेटी पुढ्यात ओढली, भाता हलवला आणि बोटं लावत लावत खाली आली. काळी पाच. खालच्या सप्तकातली काळी पाच. "तीन स्वर उतरलंय बघ बरोब्बर," म्हणाली, "म्हणजे तुझ्या रेकॉर्डी नाही बिघडलेल्या. यंत्र हळू फिरतंय."

तेरा वर्षं. आणि माझ्या आईनं पाच मिनिटांत पेटीवर शोधून काढलं.

पुढचं बुधवार पेठेत कळलं. पासोड्या विठोबाच्या मागच्या गल्लीत एक दुरुस्तीवाले काका आहेत, जुने रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर करतात. त्यांनी टर्नटेबल उलटं करून मागची पट्टी वाचली आणि लगेच म्हणाले, "ताई, हे तिकडचं आहे ना? तिकडे साठ सायकल, आपल्याकडे पन्नास." म्हणजे असं, की या जुन्या साध्या एसी मोटरचा वेग व्होल्टेजवर ठरत नाही, वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते त्यावर ठरतो, आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, सायकल बदलत नाही. त्यामुळे मिनिटाला ३३ फेऱ्या आणि वर एक तृतीयांश व्हायला हव्यात तिथे २८ पण होत नव्हत्या. साठाला पन्नास, म्हणजे सहाला पाच. संगीतात सहाला पाच म्हणजे सा आणि कोमल गंधार यांच्यातलं अंतर, तीन स्वर, आईची बोटं बरोब्बर तिथेच पडली होती. मला ते गणित कळलं तेव्हा त्या दुकानात अंगावर काटा आला.

उपाय पण किती साधा. मोटरच्या दांड्यावर जी पुली असते, जिच्यावरून बेल्ट जातो, ती पाचाला सहा या मापात जाड करायची. काकांनी जुनी पुली काढली, व्हर्नियरनं मापली, ३३ आणि ४५ च्या दोन्ही पायऱ्या, आणि नाना पेठेतल्या एका लेथवाल्याकडून पितळेची नवी करून आणली. चार दिवस लागले. मग चोकवाल्या जुन्या ट्यूबखाली पट्ट्यांची चकती फिरवून दाखवली, वेग बरोबर असला की पट्ट्या जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. थांबल्या. मी त्यांच्या पाया पडायची बाकी होते.

घरी आणून पहिली कुठली लावायची यावर माझ्या मनात काहीच वाद नव्हता. हुस्कर डू या बँडची 'झेन आर्केड'. १९८४, दोन रेकॉर्डींचा अल्बम, २३ गाणी, सत्तर मिनिटं.

इथं जरा मागे जायला लागेल. २००३ ला नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मिनियापोलिसला गेलो. मी एच-फोर व्हिसावर. ज्या बायकांनी हा व्हिसा काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको, बाकीच्यांसाठी, त्या काळात एच-फोरवर काम करायची परवानगीच नव्हती. कुठलंच. पुण्यात मी स्वतः कमवत होते आणि तिथं स्वतःच्या नावावर एक डॉलर नाही. बाहेर उणे वीस, घरात हीटर, आणि नवरा संध्याकाळी सातला यायचा. तो वाईट वागला असं अजिबात नाही, त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं खर्चाला पाहिजे तेवढे घे, पण मागून घेणं आणि मिळवणं यात फरक असतो आणि तो मला रोज कळायचा. मग मी एक वही केली. महिन्याला चाळीस डॉलर माझे, मी स्वयंपाकाच्या खर्चातून वाचवलेले, आणि त्यांचा पै पैचा हिशोब त्या वहीत.

सिटी बसनं हिंडता हिंडता लिंडेल अ‍ॅव्हेन्यू आणि सव्विसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक रेकॉर्डीचं दुकान दिसलं, ट्रीहाउस. आत गेले ते मुळात ऊब होती म्हणून. नंतर कळलं की ही जागा साधीसुधी नाही, ट्रीहाउस व्हायच्या आधी तिथं ओर फोकजोकोपस नावाचं दुकान होतं (दोन जुन्या अल्बमची नावं जोडून केलेलं नाव), आणि तिथल्या मॅनेजरच्या, पीटर जेस्पर्सनच्या हातात पॉल वेस्टरबर्ग नावाच्या पोरानं आपल्या बँडची डेमो कॅसेट आणून दिली होती. जेस्पर्सन ट्विन टोन या लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या, मालकांपैकी एक. त्यातून रिप्लेसमेंट्स हा बँड पुढे आला. त्यांच्या 'लेट इट बी'च्या कव्हरवर चौघं जण ज्या छपरावर बसलेत ते घर दुकानापासून चालत जाण्यासारखं होतं, बँडमधल्या दोघा भावांच्या आईचं घर. मी बघून आले. साधं लाकडी घर, आपल्याकडे कुणी मान वर करून बघणार नाही असं. बासवाला टॉमी तेव्हा अठराचा पण नव्हता.

ट्रीहाउस २०१७ च्या शेवटी बंद झालं. मला इकडे बसून कळलं.

काउंटरवरच्या मुलानं माझा स्वेटर, सलवार आणि बर्फाचे बूट बघून काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, इथल्या गावचं ऐकायचंय का? आणि झेन आर्केड हातात दिली. वापरलेली, ११ डॉलर. माझ्या महिन्याचा पाव भाग. मी घेतली. घरी तेव्हा टर्नटेबलही नव्हतं! ते आलं दीड महिन्यानं.

ती रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती आवडली नाही, खरं सांगते. गिटार म्हणजे पत्र्यावर पाऊस. ड्रम मागे कुठेतरी. ओरडणं. पण चौथ्या-पाचव्यांदा ऐकताना त्या पावसाच्या आत चाल ऐकू आली, अगदी गुणगुणता येईल अशी चाल, आणि मग ती ऐकू यायची थांबेचना. घर सोडून निघालेल्या मुलाची गोष्ट आहे सगळी, मध्ये पियानोचे तुकडे, उलटी वाजवलेली टेप, आणि शेवटची बाजू जवळजवळ चौदा मिनिटांच्या एका शब्दाविना गाण्यावर संपते. हे सगळं रेकॉर्ड झालं कॅलिफोर्नियात, स्पॉट नावाच्या माणसाच्या हातून, जवळजवळ सगळी गाणी पहिल्याच टेकमध्ये, आणि खर्च आला ३२०० डॉलर. दोन रेकॉर्डींच्या अल्बमला.

हा ३२०० चा आकडा मी तेव्हा वहीत लिहून ठेवला होता. आणि मग मला नादच लागला, कुठली रेकॉर्ड कितीत झाली ते लिहायचा.

कारण हे लोक लपवायचेच नाहीत. मला या सगळ्या संगीतातलं सर्वात जास्त कशानं धरून ठेवलं असेल तर आवाजानंही नाही, कव्हरच्या मागच्या बाजूनं. निर्वाणाच्या पहिल्या अल्बमच्या, 'ब्लीच'च्या मागे सरळ छापलंय की सिअ‍ॅटलमध्ये जॅक एंडिनोनं ६०० डॉलरमध्ये रेकॉर्ड केलं. (खरा आकडा ६०६ डॉलर १७ सेंट, वरचे सहा त्यांनी सोडून दिले.) इंग्लंडमध्ये स्क्रिटी पॉलिटी या बँडनं १९७८ ला आपली पहिली सिंगल काढली तर झेरॉक्स केलेल्या कव्हरवर स्टुडिओला किती, मास्टर कापायला किती, छापायला किती, मधल्या कागदी लेबलना किती, सगळा हिशोब. म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की अरे एवढ्यात होतं, मग मी पण करू शकतो. त्याच्याही आधी, १९७७ च्या जानेवारीत, मँचेस्टरच्या बझकॉक्सनी घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' काढली, हजार प्रती, आणि कव्हरवर लिहिलं कुठलं गाणं कितव्या टेकचं, वर काय जोडलंय. कव्हरचा फोटो पोलरॉइडवर काढलेला. क्रॅस या इंग्लिश बँडच्या पहिल्या रेकॉर्डचं नाव 'द फीडिंग ऑफ द फाइव्ह थाउजंड' का, तर कारखाना पाच हजारांपेक्षा कमी प्रती छापत नव्हता आणि तेवढ्या खपतील असं त्यांना वाटत नव्हतं. त्यातलं एक गाणं छापायला आयर्लंडच्या कारखान्यातल्या कामगारांनी नकार दिला तर त्यांनी तेवढी जागा कोरी ठेवली, दोन मिनिटं शांतता. आणि पुढच्या कव्हरांवर किंमतच छापायला लागले, यापेक्षा जास्त देऊ नका म्हणून. दुकानदारानं वाढवून लावली तर गिऱ्हाईकाला दिसावं. वॉशिंग्टनचं डिस्कॉर्ड लेबल पण तेच करायचं, टपालखर्चासकट इतके डॉलर, आमच्याकडून थेट मागवा. त्यांच्या फुगाझी बँडचं तिकीट पाच डॉलर, वर्षानुवर्षं पाच डॉलर.

मिनियापोलिसच्या त्या अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघराच्या टेबलवर माझी वही उघडी आणि शेजारी ही कव्हरं उघडी. दोन्हीकडे हिशोब. मला तेव्हा पहिल्यांदा असं वाटलं की पैसे कमी असणं ही लपवायची गोष्ट नाही, ती मांडून दाखवायची गोष्ट आहे.

आणि मिनिटमेन. सान पेड्रोचे तिघे, कामगार वस्तीतले. त्यांचा शब्द होता 'इकोनो'. सगळं इकोनो करायचं. स्टुडिओ मध्यरात्रीनंतर घ्यायचा कारण भाडं कमी, टेप दुसऱ्यानं वापरलेली घ्यायची, आणि गाणी रेकॉर्डवर ज्या क्रमानं येणार त्याच क्रमानं वाजवायची म्हणजे नंतर टेप कापून जोडायचा खर्च नाही. हे वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली, ती काकडीची सालं फेकायची नाही, चटणी करायची. 'डबल निकल्स ऑन द डाइम' पण १९८४ च्या जुलैतलीच, झेन आर्केडबरोबर निघालेली, आणि ती दोन रेकॉर्डींची का झाली तर हुस्कर डूवाले दोन रेकॉर्डींचा अल्बम करतायत हे कळल्यावर यांनी परत जाऊन अजून गाणी केली. चाळिसाच्या वर गाणी, खर्च ११०० डॉलर. तिघांनी प्रत्येकी एक बाजू वाटून घेतली, आपापली गाणी निवडली, प्रत्येक बाजू ज्याची त्याची गाडी चालू होण्याच्या आवाजानं सुरू होते. उरलेली चौथी बाजू, तिला नाव भुसा. कव्हरवर त्यांचा बासवाला माइक वॉट गाडी चालवतोय, काटा बरोबर ५५ वर, आरशात त्याचे हसरे डोळे. मागच्या सीटवर बसून मित्रानं तो फोटो काढला आणि जमेपर्यंत ते पुन्हा पुन्हा त्याच रस्त्यावर फेऱ्या मारत राहिले. पुढच्याच वर्षी, २२ डिसेंबर १९८५ ला, गिटारवाला डी. बून अ‍ॅरिझोनात व्हॅनच्या अपघातात गेला. २७ वर्षांचा. मी ती रेकॉर्ड लावते तेव्हा त्याच्या बाजूला लागलेली ती गाडी ऐकली की दर वेळी गळा दाटतो, यावेळीही दाटला, आणि यावेळी गाडी बरोबर वेगात सुरू झाली.

आता परत ऐकताना सगळ्याच तेवढ्या आवडल्या असं नाही. काही मी तेव्हा नावासाठी घेतल्या होत्या, दुकानातला मुलगा भारी म्हणाला म्हणून, त्या आता दोन गाण्यांच्या पुढे जाववत नाहीत, वीसेक असतील, कुणाला तरी देऊन टाकीन. 'लँड स्पीड रेकॉर्ड' मात्र उलट. हुस्कर डूची पहिली एलपी, मिनियापोलिसच्याच सेव्हन्थ स्ट्रीट एंट्री या क्लबमध्ये लाइव्ह रेकॉर्ड केलेली (ती इमारत पूर्वी ग्रेहाउंड बसचा डेपो होती, म्हणजे तिथलं स्वारगेट), १७ गाणी २६ मिनिटांत, तारीख १५ ऑगस्ट १९८१. तेव्हा मला ती नुसता गोंगाट वाटायची. आता पन्नाशीला आल्यावर ती मला एका दमात ऐकवते. तीन पोरं आहेत, गावातल्याच छोट्या खोलीत, श्वास न घेता सगळं सांगून टाकायचंय त्यांना. त्यातला ड्रम वाजवून गाणारा ग्रँट हार्ट २०१७ ला गेला, स्पॉट २०२३ ला, आणि आता अल्बिनी.

धुवायचं काम मोठं होतं. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, एकदम मऊ ब्रश, आणि खाचांच्या दिशेनं गोल गोल फिरवायचं, आडवं कधीच नाही. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. मग नुसत्या डिस्टिल्डनं परत एकदा, आणि भांड्यांच्या रॅकमध्ये उभ्या करून वाळवायच्या. नळाचं पाणी अजिबात नको, क्षार खाचांत बसतात. जुनी कागदी पाकिटं सगळी फेकली, कव्हरं मात्र फक्त कोरड्या कापडानं पुसून उन्हं उतरल्यावर गच्चीत ठेवली. आडव्या रचू नका, उभ्याच ठेवा. एका रविवारी १४ होतात, त्याहून घाई केली की चुका होतात. बुरशी गेल्यावर आवाजातला तडतडाट बराच कमी झाला, पूर्ण नाही, आणि थोडा असला तरी मला चालतो.

या सगळ्यात माझी मुलगी येऊन बसायला लागली. सोळा वर्षांची आहे, जन्म मिनियापोलिसचा पण आठवण काही नाही. आजीकडे गाणं शिकते. तिला आवडलं कुठलं, तर नॉय या जर्मन बँडचा दुसरा अल्बम, १९७३ चा. त्यांचे पैसे मध्येच संपले म्हणून दुसरी बाजू भरायला त्यांनी आपलीच जुनी सिंगल टर्नटेबलवर वेगवेगळ्या वेगानं वाजवून रेकॉर्ड केली, एकदा ७८ वर, एकदा १६ वर. ती म्हणाली, "आई, म्हणजे हे लोक मुद्दाम तेच करत होते जे तुझ्या मशीनचं झालेलं." हो गं बाई, तेच. सॉनिक यूथ या बँडची 'एव्होल' लावली तेव्हा आई पण बसली होती. त्याच्या शेवटच्या गाण्याची वेळ लेबलवर आकड्यात नाही, अनंताची खूण आहे, कारण शेवटची खाच बंद आहे, सुई आत जायच्या ऐवजी त्याच वर्तुळात फिरत राहते. एकच गुंजन, पुन्हा पुन्हा. आई डोळे मिटून ऐकत होती. मी उठवायला गेले तर म्हणाली, "राहू दे. तंबोऱ्यासारखं लागलंय." आम्ही तिघी वीस मिनिटं बसलो असू.

खोक्याच्या तळाशी एक मुंबईची पण होती. अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट, सत्तरच्या दशकातला मुंबईचा बँड, त्यांची रेकॉर्ड २०११ मध्ये एका अमेरिकन लेबलनं परत काढली, आणि मी निघायच्या आधी घेतलेल्या शेवटच्या रेकॉर्डींपैकी ती. आपल्या मुंबईत फझ गिटार वाजवणारा बँड होता हे मला मिनियापोलिसमध्ये कळलं याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि स्लिंटची 'स्पायडरलँड'. १९९१. लुईव्हिल गावची चार पोरं, कव्हरवर खाणीच्या तळ्यात मानेपर्यंत बुडालेली, फक्त चार डोकी दिसतात. चार दिवसांत रेकॉर्ड केलेली सहा गाणी, निम्मी कुजबुजत म्हटलेली. याची सीडी निघाली तर तिच्यावर छापलं होतं की हे रेकॉर्डवर ऐकायसाठी केलंय. मुलीनं कव्हर उलटं केलं, मागची बाजू वाचली आणि विचारलं, "हे काय, इच्छुक गायिकांनी पत्र लिहावं? आणि खाली पत्ता?"

मी म्हटलं, "हो. पण रेकॉर्ड निघायच्या आधीच बँड मोडला."

"मग कुणी लिहिलं का?"

"तू वाचतेयस ना, म्हणजे अजून विचारतायतच."

ती काही बोलली नाही. कव्हर घेऊन आत गेली.

माझी ती मिनियापोलिसची वही मी खोक्यातच ठेवली होती, रेकॉर्डींच्या मध्ये, फुगलीय पण अक्षर वाचता येतं. शेवटची नोंद एप्रिल २०११ ची, नऊ डॉलर. गेल्या रविवारी बसून तिच्याखाली एक रेघ मारली आणि लिहिलं, पितळी पुली ८५०, बेल्ट ४००, डिस्टिल्ड वॉटर पाच लिटर १५०, पाकिटं १०० नग १८००. दुसऱ्या दिवशी उघडली तर खाली मुलीच्या अक्षरात अजून एक ओळ होती. पत्र, लुईव्हिल, १. आकड्याच्या जागी लिहिलं होतं, तिकिटं आजीकडून.